केमन ९८१ साठी डॅम्पर आणि स्प्रिंग रेट: इंदूरचे रस्ते, जामगेटचा घाट आणि एखादा ट्रॅक डे

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१४ सालची पोर्श केमन एस आहे: ९८१ पिढी, पीडीके गिअरबॉक्स, १९ इंची चाके. पीएएसएम, म्हणजे पोर्शचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे सस्पेन्शन, नसल्यामुळे डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर) साधे आहेत. मागच्या डाव्या डॅम्परच्या अंगावर तेलाचा ओला पट्टा दिसू लागला असून त्यावर धूळ चिकटून काळा थर बसला आहे. वेगात एखादा लांबट उंचवटा ओलांडला की गाडी एका हेलकाव्यात स्थिरावत नाही, आणखी एक-दोन हेलकावे घेते. चारही डॅम्पर बदलायचे, एवढे नक्की आहे.

गाडीचा वापर सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपे जाईल. आठवड्यातले बहुतेक दिवस राजेंद्रनगर ते विजयनगर एवढाच पल्ला असतो आणि त्यात खड्ड्यांपेक्षा गतिरोधकांचाच जाच अधिक. रविवारी पहाटे महूमार्गे जामगेटचा घाट उतरून मंडलेश्वरपर्यंत जाणे होते, कधी धारवरून मांडूला. वर्षातून एखाद्या वेळी बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ट्रॅक डेसाठी, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला, गाडी न्यायची इच्छा आहे. मात्र त्या एका दिवसासाठी उरलेल्या वर्षाचे सुख घालवायची तयारी नाही.

समोर तीन पर्याय आहेत. पहिला, मूळ स्प्रिंग तशाच ठेवून बिल्स्टाइन बी६ सारखे मोनोट्यूब (एकाच नळीचे) डॅम्पर बसवणे. दुसरा, बी८ सारखे आखूड डॅम्पर आणि गाडी ३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंग. तिसरा, ओह्लिन्स रोड अँड ट्रॅक किंवा केडब्ल्यू व्ही३ यांसारखे पूर्ण कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर यांचा उंची बदलता येणारा जोडसंच. तिसऱ्या पर्यायासाठी एका ट्यूनरने पुढे ६० आणि मागे ८० न्यूटन प्रति मिलिमीटर अशा स्प्रिंग सुचवल्या आहेत, आणि कारण विचारले तेव्हा ‘सगळे हेच बसवतात’ एवढेच उत्तर मिळाले. या आकड्यांचा अर्थ काय आणि ते माझ्या वापराला साजेसे आहेत की नाहीत हे कसे ओळखायचे? नुसता अभिप्राय नको. हिशेब कसा मांडायचा ते कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

पीथमपूरकर

आपण प्रश्न डॅम्परपासून सुरू केला आहे, तो स्प्रिंगपासून सुरू करावा अशी माझी विनंती आहे. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. डॅम्पर फक्त त्या स्प्रिंगची हालचाल किती लवकर शमवायची ते ठरवतो. म्हणून स्प्रिंग ठरल्याशिवाय ‘चांगला डॅम्पर कोणता’ या प्रश्नाला उत्तरच नसते.

स्प्रिंग रेट म्हणजे स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला किती न्यूटन बल लागते तो आकडा. तो एकटा पाहून काही कळत नाही, कारण तीच स्प्रिंग हलक्या गाडीत कडक आणि जड गाडीत मऊ ठरते. त्यासाठी चाकागणिक वजन विचारात घेऊन वारंवारिता काढावी लागते, म्हणजे गाडीचा तो कोपरा एका सेकंदात किती वेळा वर-खाली होऊ पाहतो तो आकडा. स्प्रिंग रेटला वजनाने भागायचे, वर्गमूळ काढायचे आणि २π ने भागायचे. अट एवढीच की स्प्रिंग रेट चाकाशी मोजलेला हवा आणि हिशेबात तो न्यूटन प्रति मीटरमध्ये घ्यावा, म्हणजे वरच्या आकड्याच्या हजारपट. केमनला पुढे आणि मागे दोन्हीकडे मॅकफर्सन स्ट्रट (चाक धरणारा, डॅम्पर आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) असल्यामुळे हे काम सोपे होते: चाक १ मिलिमीटर वर गेले की स्ट्रट साधारण ०.९५ मिलिमीटर दबतो, आणि त्या गुणोत्तराचा वर्ग, म्हणजे जवळपास ०.९, स्प्रिंगच्या आकड्याला लावला की चाकाशी मिळणारा रेट हाती येतो. डबल विशबोन (चाक वर आणि खाली अशा दोन आर्मनी धरलेले) असलेल्या गाड्यांमध्ये हे गुणोत्तर बरेच कमी असू शकते, म्हणूनच दुसऱ्या गाडीचा स्प्रिंग रेट आपल्या गाडीला उसना घेता येत नाही.

आता आपली गाडी घेऊ. पीडीकेसह केमन एसचे वजन सुमारे १,३५० किलो. चालक धरून १,४२५ समजू. इंजिन मध्यभागी असल्यामुळे पुढे ४६ आणि मागे ५४ टक्के अशी विभागणी धरली, आणि प्रत्येक कोपऱ्यातून चाक, ब्रेक वगैरे स्प्रिंगने न पेललेले वजन ४० किलोंच्या आसपास वजा केले, तर पुढच्या कोपऱ्यावर २८८ आणि मागच्या कोपऱ्यावर ३४२ किलो उरतात. खरे आकडे चार काट्यांवर गाडी उभी करून घ्यावेत, पण निर्णयासाठी एवढे पुरेसे आहे.

ट्यूनरने सुचवलेली ६० ची पुढची स्प्रिंग चाकाशी ५४ ठरते आणि वारंवारिता २.१८ हर्ट्झ येते. मागच्या ८० चे चाकाशी ७२ होतात आणि उत्तर २.३१ हर्ट्झ. तुलनेसाठी सांगतो: सर्वसाधारण प्रवासी गाड्या १ ते १.५ हर्ट्झच्या दरम्यान असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार दीड ते दोनच्या दरम्यान, आणि डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर) नसलेल्या ट्रॅकच्या गाड्या दोन ते अडीचच्या दरम्यान. म्हणजे सुचवलेला संच सरळसरळ ट्रॅकचा आहे. तो वाईट नाही, पण आपण वर्णन केलेल्या वापरासाठी नाही. पुढे ३५ आणि मागे ५० घेतल्यास अनुक्रमे १.६६ आणि १.८३ हर्ट्झ येतात. ४० आणि ५५ घेतल्यास १.७८ आणि १.९१. राजेंद्रनगर ते विजयनगर रोज जाणाऱ्या माणसाने या दोन जोड्यांच्या पलीकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागची वारंवारिता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवण्यामागे कारण आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो आणि मागच्या चाकांना काही क्षणांनी. आपल्या गाडीचा व्हीलबेस २,४७५ मिलिमीटर आहे, तेव्हा ताशी ६० किलोमीटरला हा अवधी सुमारे ०.१५ सेकंदाचा असतो. मागचा भाग थोडा जलद हलणारा असेल तर तो उशिरा सुरुवात करूनही पुढच्या भागाला गाठतो आणि गाडी मागे-पुढे झोके घेण्याऐवजी सपाट वर-खाली होते. मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना हा विचार मांडला आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी तो अजूनही टिकून आहे. ३५/५० च्या जोडीत मागची वारंवारिता दहा टक्क्यांनी जास्त येते, ती योग्य आहे. ६०/८० मध्ये हा फरक सहा टक्क्यांवर येतो.

आता डॅम्पर. स्प्रिंग आणि वजन ठरले की ‘क्रिटिकल डॅम्पिंग’ निघते, म्हणजे गाडी एकही जास्तीचा हेलकावा न घेता जागेवर येईल इतका अवरोध. वजन आणि चाकाशी असलेला रेट यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून दुप्पट करायचे. पुढच्या कोपऱ्याला, ३५ च्या स्प्रिंगसह, तो सुमारे ६,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर येतो. प्रत्यक्षात पूर्ण क्रिटिकल कोणीच ठेवत नाही. वळणात गाडी कलंडणे, ब्रेकखाली नाक दबणे या संथ हालचालींसाठी, म्हणजे डॅम्परचा दांडा सेकंदाला ५० मिलिमीटरपर्यंतच्या वेगाने सरकत असताना, क्रिटिकलच्या ६५ टक्क्यांच्या आसपास अवरोध हवा. खड्डा किंवा गतिरोधक लागल्यावर दांडा कित्येक पट वेगाने सरकतो, तेव्हा तो ३० टक्क्यांच्या आसपास खाली यायला हवा. आकड्यांत सांगायचे तर ५० मिलिमीटर प्रति सेकंदाला साधारण १९५ न्यूटन आणि ३०० ला साधारण ५४० न्यूटन, हे चाकाशी आणि दोन्ही दिशांची सरासरी धरून. आलेख सुरुवातीला चढा आणि मग सपाट होत जाणारा दिसतो. महागड्या डॅम्परमध्ये आपण पैसे मोजतो ते आलेखाच्या या वळणाचे. अवरोध कमी-जास्त करणाऱ्या नॉबच्या क्लिकची संख्या ही जाहिरातीची बाब आहे.

यातूनच एक गोष्ट लक्षात येईल. क्रिटिकल डॅम्पिंग स्प्रिंगच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. मूळ स्प्रिंगसाठी जुळवलेला डॅम्पर तसाच ठेवून स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर ३० टक्क्यांचे डॅम्पिंग २१ टक्क्यांवर येते. गाडी कडक लागते आणि तरीही उसळत राहते. ‘स्पोर्ट्स स्प्रिंग’ बसवलेल्या कितीतरी गाड्या अशाच चालतात आणि दोष डॅम्परच्या कंपनीला दिला जातो.

जाता जाता: शेजारी नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची हाय-स्पीड धावपट्टी झाल्यापासून आपल्याकडच्या तरुण मंडळींना कडक सस्पेन्शनचा मोह वाढला आहे. ती धावपट्टी जितकी सपाट आहे तितका राऊ चौकातला रस्ता नाही, एवढेच म्हणतो.

बडोदेकर

पीथमपूरकर साहेबांनी हिशेब नेटका मांडला आहे. त्यात एक बाजू राहिली, ती म्हणजे ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली सरकायला मिळणारी जागा), आणि माझ्या मते आपल्या रस्त्यांवर निर्णय तिथेच होतो. मी बडोद्याहून गोध्रा, दाहोद, झाबुआ, धार या वाटेने इंदूरला माझी गाडी घेऊन येत असते. या रस्त्यावर गाडी किती कडक आहे याचा त्रास फारसा होत नाही. बंप स्टॉपवर, म्हणजे डॅम्पर पूर्ण दबू न देणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटली की मात्र मणक्यापर्यंत कळते.

राजेंद्रनगरकर, खर्च करण्यापूर्वी एक काम करा. गाडी जॅकवर घेऊन पुढच्या चाकाजवळ डॅम्परच्या दांड्यावरचे धुळीचे रबरी आवरण वर सरकवा आणि दांड्यावर एक बारीक झिप टाय आवळून बसवा, हाताने ढकलल्यावर सरकेल इतकाच घट्ट. तो खाली डॅम्परच्या कडेला टेकवून गाडी जमिनीवर उतरवा आणि रोजच्या वाटेने फिरवून आणा. परत आल्यावर गाडी जमिनीवरच असताना झिप टाय कडेपासून किती वर सरकला आहे ते मोजा. नेहमीच्या उंचीपासून डॅम्पर जास्तीत जास्त किती दबला होता ते त्यावरून कळते. त्याच वेळी बंप स्टॉप सुरू होईपर्यंत मोकळी जागा किती आहे तेही पट्टीने मोजा. हे दोन आकडे हातात असल्याशिवाय कोणतीही स्प्रिंग मागवू नका.

खाली आणण्याबद्दलही दोन शब्द. मॅकफर्सन गाडी ३० मिलिमीटर खाली आणली की तिचा गुरुत्वमध्य ३० मिलिमीटरच खाली येतो, पण खालचा आर्म उलट्या दिशेने कलत असल्यामुळे रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू, त्याहून बरेच जास्त खाली घसरते. या दोहोंमधले अंतर म्हणजे गाडीला कलंडवणारी तरफ, आणि ती वाढते. म्हणून खाली आणलेली गाडी दिसायला बैठी असली तरी, स्प्रिंग पुरेशा कडक नसतील तर, वळणात पूर्वीइतकीच कलंडते. शिवाय टो (वरून पाहता चाकांची दिशा) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकांचा कल) बदलतात ते वेगळेच.

आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ताशी २५ किलोमीटरसाठी ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा गोलाकार उंचवटा सांगितला आहे. तसा गतिरोधक असेल तर केमन सावकाश, काही न घासता पार होईल. पण कॉलन्यांमध्ये रातोरात उगवणारे डांबराचे ढीग त्याच उंचीचे आणि हातभर रुंदीचे असतात. त्यांना कोणताही स्प्रिंग रेट पुरत नाही. तिथे पोटाखालची मोकळी जागाच उपयोगी पडते. तुमचा दुसरा पर्याय मी या एका कारणासाठी बाजूला ठेवीन.

राजेंद्रनगरकर

आपण दोघांचेही मनापासून आभार. बडोदेकर ताईंनी सांगितल्याप्रमाणे झिप टाय लावून पाहिला. पुढच्या बाजूला, गाडी उभी असताना, बंप स्टॉपपर्यंत सुमारे ५५ मिलिमीटर मोकळी जागा आहे. शहरातल्या फेरीत झिप टाय ४० च्या जवळपास सरकला. जामगेटच्या उतारावर एका खचलेल्या मोरीजवळ तो थेट बंप स्टॉपपर्यंत पोहोचलेला दिसला. डॅम्पर थकलेले आहेत हे लक्षात घेता हे कितपत ग्राह्य धरावे? आणि ३० मिलिमीटर खाली आणूनही स्प्रिंग पुरेशी कडक घेतली तर ती भरपाई होणार नाही का?

पीथमपूरकर

मोजमाप ग्राह्य धरण्यासारखे आहे. थकलेला डॅम्पर आकडा थोडा फुगवतो. नव्या डॅम्परवर तो काही मिलिमीटरांनी कमी येईल.

भरपाईचा हिशेब आता आपल्याच आकड्यांवर करता येईल. पुढच्या कोपऱ्यावर स्थिर भार २,८२५ न्यूटन आहे. मूळ उंचीवर, चाकाशी ३१.५ चा रेट घेऊन, ५५ मिलिमीटर दबेपर्यंत स्प्रिंग १,७३० न्यूटन जास्तीचे सोसते, म्हणजे स्थिर भाराच्या ६१ टक्के. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली की २५ मिलिमीटर उरतात. त्याच स्प्रिंगला तेवढ्यात ७९० न्यूटन, म्हणजे २८ टक्केच सोसता येतात. आता ट्यूनरची ६० ची स्प्रिंग घ्या: चाकाशी ५४, गुणिले २५, म्हणजे १,३५० न्यूटन, ४८ टक्के. सर्वात कडक स्प्रिंग बसवून आणि खाली आणून आपल्याला जेवढी राखीव ताकद मिळते, त्याहून जास्त ती मऊ स्प्रिंग आणि मूळ उंचीवर मिळते. डॅम्परचा वाटा यात धरलेला नाही, आणि आखूड डॅम्परच्या संचात बंप स्टॉपही आखूड असल्यास काही मिलिमीटर परत मिळतात. पण चित्र पालटेल इतके नाही.

म्हणून माझा क्रम असा राहील: आधी उंची राखा, मग १.६५ ते १.८ हर्ट्झच्या दरम्यान स्प्रिंग घ्या, मग त्या स्प्रिंगला जुळणारा डॅम्पर घ्या. आपल्या मूळ स्प्रिंग या टप्प्याच्या जवळ निघाल्या तर त्या बदलूही नका. स्प्रिंग काढलेल्या असतील तेव्हाच हायड्रॉलिक प्रेसवर वजनकाटा ठेवून दहा-दहा मिलिमीटर दाबत रेट मोजून घेता येतो; इंदूरमध्ये स्प्रिंग मोजून देणारी वर्कशॉप शोधल्यास सापडतात.

मोनोट्यूब की ट्विनट्यूब, हाही प्रश्न पुढे येईलच. मोनोट्यूबमध्ये तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे तेल फेसाळत नाही, आणि तेलाची नळी थेट हवेत असल्यामुळे उष्णता लवकर बाहेर जाते. मे महिन्यात, किंवा बुद्ध सर्किटवर सलग काही फेऱ्या मारल्यावर, याचा फायदा जाणवतो. स्ट्रटमध्ये बिल्स्टाइन तो उलटा बसवते, त्यामुळे बाजूचा ताण बारीक दांड्याऐवजी जाड नळी पेलते. ट्विनट्यूबचे घर्षण कमी असते आणि बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा आला तरी काम चालू राहते. रस्त्यावर दोन्ही चालतात. केडब्ल्यूची रस्त्यावरची मालिका ट्विनट्यूबच आहे आणि तिला कोणी हलके म्हणणार नाही.

एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. मोनोट्यूबमधला गॅस दांड्याला सतत बाहेर ढकलत असतो. हा जोर २५० न्यूटनांच्या आसपास असेल तर आपल्या गाडीचा तो कोपरा ८ मिलिमीटर वर उचलला जाईल. बी६ बसवल्यावर ‘गाडी उंच दिसते, चुकीचा भाग आला’ अशी तक्रार ऐकू येते, त्याचे कारण पुष्कळदा हे असते.

लोकमान्यनगरचा पाहुणा

मी थोडा वेगळा सूर लावतो. बुद्ध सर्किटवर १.६६ हर्ट्झची केमन वळणात पुढच्या बाहेरच्या टायरवर फार कलंडेल आणि त्या टायरची बाहेरची कड एका दिवसात खाऊन टाकेल. मॅकफर्सन कलंडताना कॅम्बर राखत नाही, हे तर सर्वमान्य आहे. अशा वेळी ४५/६० ची जोडी आणि कंप्रेशन व रिबाउंड (दबतानाचा आणि परत पसरतानाचा अवरोध) वेगवेगळे करता येणारे केडब्ल्यू व्ही३ घेतले तर एकाच गाडीत दोन्ही साधता येणार नाही का? रोजच्यासाठी नॉब मोकळे, ट्रॅकसाठी आवळलेले.

बडोदेकर

नॉब फिरवून स्प्रिंग बदलत नाही. ४५ ची स्प्रिंग पुढे १.८९ हर्ट्झ देते, आणि ती रोज तेवढीच राहणार. नॉब मोकळे सोडले तर गाडी मऊ होत नाही. तीच कडक स्प्रिंग आता मोकाट उसळते. ट्रॅकवर वर्षातून पंधरवडा घालवणाऱ्याला ४५/६० मी आनंदाने सुचवीन. इथे प्रश्न एका दिवसाचा आहे.

टायरची कड वाचवायची असेल तर त्याचा उपाय अलाइनमेंटमध्ये आहे: पुढे थोडा जास्त निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला. त्याने झटका वाढत नाही आणि खर्चही नगण्य. कलंडणे कमी करायचे असेल तर अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी सळई, पाहावा. दोन्ही चाके एकत्र गतिरोधकावर चढतात तेव्हा बार काहीच विरोध करत नाही, फक्त एक चाक वर आणि एक खाली जाते तेव्हाच करतो. फक्त पुढचाच बार जाड केला तर गाडी वळणात नाकाने बाहेर जाऊ लागेल, म्हणून दोन्ही टोकांचा तोल पाहूनच हात घालावा.

आणखी एक सुचवते, ऐकायला साधे वाटेल. १९ इंची चाकांऐवजी केमनला कंपनीचीच १८ इंची चाके येतात. पुढे २३५/४० आर १९ ऐवजी २३५/४५ आर १८ घेतले की टायरची भिंत ९४ वरून जवळपास १०६ मिलिमीटर होते आणि बाहेरचा व्यास दोन मिलिमीटरनेच बदलतो. मागे २६५/४५ आर १८. शहरातल्या तीक्ष्ण कडांच्या खड्ड्यांवर हा बारा मिलिमीटर रबर जे करतो ते कोणताही डॅम्पर करू शकत नाही. मात्र एसचे ब्रेक कॅलिपर त्या रिममध्ये मोकळे बसतात याची आधी एक चाक लावून खात्री करून घ्यावी.

लोकमान्यनगरचा पाहुणा

कॅम्बरचा मुद्दा मान्य. व्ही३ च्या बाबतीत माझे मत कायम आहे, पण ते माझ्या वापरासाठी, हेही मान्य. ६०/८० च्या बाबतीत एक भर घालतो: पुढे ती स्प्रिंग स्थिर भाराखाली ५२ मिलिमीटरच दबते. गाडी जॅकवर घेतली किंवा एक चाक खोल खड्ड्यात पूर्ण लटकले, आणि डॅम्परचा खालचा ट्रॅव्हल त्याहून जास्त असला, तर स्प्रिंग सीटवरून सैल होते. म्हणून अशा संचात हेल्पर स्प्रिंग, म्हणजे मुख्य स्प्रिंगला जागेवर धरून ठेवणारी छोटी मऊ स्प्रिंग, असायलाच हवी. ट्यूनरच्या कोटेशनमध्ये ती आहे का, ते विचारा.

राजेंद्रनगरकर

विचारले, कोटेशनमध्ये हेल्पर नाही. तो पर्याय आता मनातून गेला. बी६ सारखे मोनोट्यूब, मूळ उंची, स्प्रिंग मोजून गरज असेल तरच ३५/५० च्या जवळची जोडी, आणि १८ इंची चाकांचा शोध, असे ठरवत आहे. बसवताना वर्कशॉपला काय बजावून सांगावे? आणि आरटीओ किंवा विम्याची काही अडचण येते का?

पीथमपूरकर

सर्वात महत्त्वाचे: सस्पेन्शनच्या आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना पूर्ण आवळू देऊ नका. तसे केले की गाडी खाली उतरताच बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात, गाडी काही मिलिमीटर उंच बसते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट सैल ठेवून चाकांखाली आधार देऊन गाडी नेहमीच्या उंचीवर आणावी आणि मग टॉर्क रेंचने आवळावे. टॉप माउंट, बंप स्टॉप आणि धुळीची आवरणे नवी घ्या. एवढी खोलाखोल पुन्हा होणार नाही. वरचा नट इम्पॅक्ट गनने फिरवू देऊ नका, दांडा आतून फिरला तर सील दुखावते. स्वतः हजर राहता आले तर राहा. काम झाल्यावर काही दिवस गाडी चालवून, स्प्रिंग आणि बुश स्थिरावल्यानंतर, चारही चाकांचे अलाइनमेंट करा, आणि ते करताना चालकाच्या आसनावर आपल्या वजनाइतके ओझे ठेवायला सांगा.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ हे नोंदणी प्रमाणपत्रातील, उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांविषयी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला आहे. मूळ उंची राखून, त्याच मॉडेलसाठी बनवलेले डॅम्पर बसवणे ही देखभालीतली बदली आहे असे मी मानतो. तरीही बिल आणि भाग क्रमांक जोडून विमा कंपनीला ईमेल पाठवा आणि लेखी पोच घ्या. दाव्याच्या वेळी तो कागद हातात असलेला बरा. डॅम्पर परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क धरून किंमत काढा, नाहीतर स्वस्त वाटलेला संच इथल्या विक्रेत्याच्या दरापर्यंत जाऊन पोहोचतो.

बी६ ला नॉब नसतात, त्यामुळे बुद्ध सर्किटसाठी फिरवायला काही नाही. तिथे जाण्यापूर्वी ब्रेक ऑइल बदला, कॅम्बर मोजून घ्या आणि टायरचा दाब गरम टायरवर तपासा. झिप टाय मात्र पुन्हा लावा, या वेळी मागच्या डॅम्परवरही. मागचा आकडा आपण अजून मोजलेला नाही, आणि निम्म्याहून जास्त वजन तिथेच आहे.